लेकरायले कोनं पोसलं?

गेल्या पावसाळ्यात सेलू तालुक्यातल्या एका गावी आमच्या बचत गटाची बैठक होती. बैठकीला जाताना मी पुस्तकांची एक पिशवी नेहमी सोबत नेते. बायांना वाचायला सवड नसते, कितीतरी जणींना वाचता येत नाही. पण चित्रांची पुस्तकं मात्र हातोहात फिरतात. त्या दिवशी पिशवीत संतांच्या आणि ऋषिमुनींच्या जुन्या चित्रकथा होत्या. गटातल्या साठी उलटलेल्या एक काकू, अक्षर न ओळखणाऱ्या, एक पुस्तक मन लावून बघत होत्या. एका पानावर एक माणूस रात्री घर सोडून निघालेला. दारात बायको, कडेवर मूल. पुढच्या पानावर तोच माणूस डोंगरावर, डोळे मिटलेले, डोक्यामागे तेजाचं वलय. काकूंनी पान दोनदा मागे-पुढे केलं आणि मला विचारलं, "ताई, हा तं गेला निंघून. मंग याच्या लेकरायले कोनं पोसलं? ते पान फाटलं का काय?"

सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "तिनंच पोसलं असंन. अजून कोन पोसते?"

पान फाटलेलं नव्हतं. तसं पान त्या पुस्तकात नव्हतंच. मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मी अशी पुस्तकं मुद्दाम मिळवून पाहते आहे, आणि काकूंचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या चळवळीत पाठ्यपुस्तकांतल्या बाईच्या प्रतिमेबद्दल बोललं गेलं, जाहिरातींबद्दल, सिनेमाबद्दल, मालिकांबद्दल बोललं गेलं. साधू-संन्याशांच्या चित्रकथांकडे मात्र आपण 'लहान मुलांची पुस्तकं' म्हणून बघतो, आणि अध्यात्माचा विषय म्हणून थोडं अंतर ठेवतो. मला वाटतं, हे अंतर आपल्याला परवडणारं नाही.

आधी ही पुस्तकं किती पसरलेली आहेत ते पाहू. १९६७ साली मुंबईत अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. दिल्लीत टेलिव्हिजनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातलं सांगता आलं, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हे पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असं ते सांगत. चारशेहून अधिक शीर्षकं निघाली, मराठीसकट अनेक भाषांत गेली. त्यात देव-दानव होते, राजे होते आणि संत-संन्यासीही होते : तुकाराम, ज्ञानेश्वर, एकनाथ, चोखामेळा, कबीर, मीराबाई, विवेकानंद. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या शिकलेल्या घरांतल्या माणसांच्या डोळ्यांसमोर 'ऋषी' म्हटलं की जे चित्र येतं, ते बरंचसं याच पानांवरून आलेलं आहे.

पुढे मोठ्यांसाठीची जाड पुस्तकं आली. त्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, आपण चित्रकादंबरी म्हणू. २००६ मध्ये रिचर्ड ब्रॅन्सन, दीपक चोप्रा, शेखर कपूर वगैरे मंडळींनी मिळून 'व्हर्जिन कॉमिक्स' ही कंपनी काढली. तिच्या पहिल्या मालिकांपैकी एकीचं नावच 'द साधू'. लेखन गोथम चोप्रांचं, चित्रं जीवन कांग यांची. नायक जेम्स जेन्सन हा इंग्रज शिपाई. तो हिंदुस्थानात येऊन साधू होतो, आणि मग घरच्यांच्या हत्येचा सूड घ्यावा की साधना करावी या पेचात सापडतो. म्हणजे वैराग्य हे आता साहस झालं. साधूच्या अंगात पिळदार स्नायू आले, हातांतून वीज निघू लागली. अध्यात्म असं बांधून जगाच्या बाजारात विकायला ठेवलं गेलं. ती कंपनी दोन वर्षांतच नाव बदलून दुसऱ्यांच्या हाती गेली, पण तो साचा राहिला आणि आज मोबाइलवरच्या चित्रांतही तोच दिसतो.

या सगळ्या चित्रांमध्ये बाई कुठे असते? मी मोजायला बसले तेव्हा बहुतेक वेळा ती तीनच जागी सापडली. एक, तप मोडायला आलेली अप्सरा. तिच्या अंगावरचे कपडे चित्रकाराने मोठ्या आवडीने कमी केलेले असतात. दोन, आश्रमात पाणी आणणारी, फळं वेचणारी, पाय चेपणारी ऋषिपत्नी. तिला नाव असलं तरी तोंडी वाक्य क्वचित असतं. तीन, देवी, ती ढगांत असते आणि शेवटच्या पानावर वर देते. अप्सरा, सेविका, देवी. मोह घालणारी, सेवा करणारी आणि वर देणारी. या तिघींपैकी कुणालाही स्वतःला काही शोधायचं नसतं. शोध पुरुषाचा, बाई त्याच्या वाटेवरचा मुक्काम.

ज्या बाया खरोखर घर सोडून निघाल्या, त्यांचं काय केलं या पुस्तकांनी? मीराबाईचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे. अमर चित्र कथेची 'मीराबाई' १९७२ ची, शब्द कमला चंद्रकांत यांचे. त्यातली मीरा आधी आदर्श हिंदू पत्नी आहे. घरची सगळी कामं नीट उरकून, नवऱ्याची सेवा करून, मगच ती कृष्णाच्या मूर्तीसमोर बसते. नवऱ्याचा राग हा गैरसमजातून आलेला. तो पश्चात्ताप करतो, ती परत येते. सोळाव्या शतकाच्या शेवटी नाभादासांनी 'भक्तमाल'मध्ये मीरेबद्दल लिहिलं, तेव्हा मात्र तिच्या संसाराचं कौतुक केलं नाही. तिने लोकलाज टाकली, कुळाची बेडी तोडली आणि विषाचा प्याला दिला तरी तिचा केस वाकडा झाला नाही, एवढंच त्यांना महत्त्वाचं वाटलं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या एका पुरुष भक्ताला जी मीरा झेपली, ती विसाव्या शतकातल्या मध्यमवर्गीय आईबापांना झेपणार नाही, असं वाटून तिला आधी स्वयंपाकघरात नेऊन मग मंदिरात आणली. मुलीने गावं, नाचावं, पण ताट वाढून झाल्यावर. जॉन स्ट्रॅटन हॉलीसारख्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकातच या 'माणसाळवलेल्या' संतांवर लिहून ठेवलं आहे. आपण त्याची दखल फारशी घेतली नाही.

आपल्या मराठी संत बायांकडे पाहा. सतराव्या शतकातली शिऊरची बहिणाबाई ब्राह्मणाघरची, बिजवराला दिलेली. तिने तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याने तिला मारलं. मग आपली बायको गुरुभक्त झाली, लोक तिला पाहायला येतात, हे सहन न होऊन तो स्वतःच घर सोडून निघायच्या गोष्टी करू लागला. ती तेव्हा गरोदर होती. हे सगळं तिने स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. नवऱ्याला घर सोडायची धमकी देता येते. तिला बाईच्या देहात संन्यास नाही, वेद नाही, घराबाहेरची वाट नाही. शेवटी ती पतिव्रताधर्म आणि भक्ती यांची सांगड घालत जगली. यात केवढी चित्रकादंबरी आहे! पण तिच्यात कुणाच्या हातून वीज निघत नाही.

चोखोबांच्या घरातल्या दोघी, सोयराबाई आणि निर्मळा, स्वतः कवयित्री होत्या. विटाळाशिवाय जन्माला आलेला देह कोणता, असा रोकडा सवाल सोयराबाईने देवालाच केला. जात आणि बाईपण दोन्हींना लावलेला विटाळ तिने एकाच अभंगात पकडला. आणि तुकोबांची आवली? तिला आपण सगळ्यांनी कजाग करून टाकलं आहे. दुष्काळात घरात दाणा नाही, नवरा डोंगरावर, मुलं भुकेली. ती ओरडली तर ती कजाग! तरीही भाकरी बांधून डोंगर चढणारी तीच. तिची गोष्ट तिच्या बाजूने पानोपानी काढली तर तुकोबा लहान होत नाहीत. उलट त्यांचं घर आपल्याला खरं वाटू लागतं.

कुणी म्हणेल, ताई, पुराणातल्या गोष्टींवर एवढं काय रागवायचं? मी रागवते, कारण ती गोष्ट आमच्या गटात बसलेली आहे. आमच्यातल्या एकीचा नवरा आठ वर्षांपूर्वी नर्मदा परिक्रमेला म्हणून गेला तो परतलाच नाही. दोन वर्षांनी भगव्या वस्त्रांत एकदा गावात आला. गावाने त्याची पाद्यपूजा केली, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक हिने केला. दुसऱ्या दिवशी तो गेला. सातबारा त्याच्या नावावर, म्हणून पीककर्ज मिळत नाही. पोराच्या कागदपत्रांवर बापाची सही लागते. विधवा म्हणावं तर नवरा जिवंत, टाकलेली म्हणावं तर गाव अंगावर येतं, "अवं, तो काय दुसरीच्या मागं गेला का? देवाच्या वाटेनं गेला, तुहं नशीब मोठं!" दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याविरुद्ध ती आमच्याबरोबर ठाण्यात आली असती. साधू झालेल्या नवऱ्याविरुद्ध तोंड उघडायला तिला सहा वर्षं लागली. तिचं तोंड कोणी बंद केलं होतं? त्या तेजाच्या वलयाने. चित्रातल्या त्या वलयाची ताकद एवढी असते.

म्हणून कायदा काय सांगतो ते इथे लिहून ठेवते, गटांत वाचून दाखवा. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात, जोडीदाराने एखाद्या धार्मिक पंथात शिरून संसाराचा त्याग केला असेल तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. आणि घटस्फोट नको असला तरी पोटगीचा हक्क संपत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ वं कलम होतं. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ वं कलम आहे. नवरा कमावत नाही, भिक्षा मागतो, साधू झाला, ही सबब चालत नाही. धडधाकट असेल तोवर बायकोच्या पोटाची जबाबदारी त्याची, असं ओरिसा उच्च न्यायालयाने १९८०च्या दशकातच म्हटलं आहे आणि पुढे इतर न्यायालयांनी त्याचा आधार घेतला आहे. आता साधूकडून पैसे वसूल कसे होणार, हा प्रश्न उरतोच. पण नावावर जमीन असेल तर वाट निघते. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हा 'टाकलेली' हा शब्द बायांनी स्वतःच्या तोंडाने, मान वर करून उच्चारला. देवाच्या नावाने टाकलेलीही परित्यक्ताच, हे आता आपण म्हणायला हवं.

मग या चित्रकथा पिशवीतून काढून टाकायच्या का? माझं मत तसं नाही. कारण काकूंना पडला तसा प्रश्न ज्या बायांना पडतो, त्यांच्यातल्या काहींनी आता हातात कुंचला घेतला आहे.

अमृता पाटील या गोव्यात वाढलेल्या चित्रकर्तीने २०१९ मध्ये देवदत्त पट्टनायक यांच्याबरोबर 'आरण्यक' ही चित्रकादंबरी इंग्रजीत केली. तिची मुळं बृहदारण्यक उपनिषदात आहेत. ती गोष्ट आपल्याला अर्धीच सांगितली जाते. याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो आणि मालमत्तेची वाटणी दोन बायकांत करायचं ठरवतो. मैत्रेयी विचारते, या संपत्तीने मी अमर होईन का? शाळेत, भाषणांत, महिला दिनाच्या कार्यक्रमात आपण मैत्रेयीचं नाव घेतो, गार्गीचं घेतो. दुसऱ्या बायकोचं, कात्यायनीचं, कुणी घेत नाही. उपनिषदाने तिला एका शब्दात निकालात काढलं आहे : तिची म्हणे 'स्त्रीप्रज्ञा', म्हणजे बायकांना असते तेवढीच अक्कल. अमृता पाटील यांनी नेमकी ही कात्यायनी गोष्टीच्या मध्यभागी आणून बसवली. थोराड अंगाची, खाण्यावर जीव असलेली, भूक जाणणारी, रान ओळखणारी बाई. ऋषी वाद घालतात, ती अन्न शिजवते. आणि भुकेचं, अन्नाचं, दुसऱ्याची भूक दिसण्याचं जे ज्ञान तिच्याकडे आहे तेही ज्ञानच आहे, असं ते पुस्तक सांगतं. काकूंना मी त्यातली पानं दाखवली तर शब्दांवाचून कळतील, अशी माझी खात्री आहे. अडचण आहे ती किमतीची आणि भाषेची. गटाच्या पिशवीत पडावं असं ते स्वस्त नाही आणि मराठी नाही.

याच जातीची आणखी दोन पुस्तकं सांगते. २०११ मध्ये बंगालच्या पटचित्रकर्ती मोयना चित्रकार यांनी संहिता अर्णी यांच्यासह सीतेच्या नजरेने रामायण काढलं. त्याच वर्षी दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी 'भीमायन'मध्ये बाबासाहेबांची गोष्ट चौकटींत न कोंबता, गोंड भिंतीचित्रांच्या वळणाने मांडली. या दोघी कला-महाविद्यालयातून आलेल्या नाहीत. चित्रातून गोष्ट सांगणं ही विलायतेची देणगीही नव्हे. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चित्रं दाखवून कथा गात आले आहेत.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने गेलं की पवनार लागतं. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. विनोबा १९३८ मध्ये तिथे राहायला आले. तिथली जमीन खोदताना जुनी दगडी शिल्पं निघाली, वाकाटकांच्या काळातली. वा. वि. मिराशींनी ती रामकथेतले प्रसंग मानली. पुढच्या काही अभ्यासकांना तसं वाटत नाही. आश्रमाला मात्र त्यातली भरत-रामाची भेट प्राणप्रिय झाली. म्हणजे आपल्या जिल्ह्यात चित्रकथा दगडात कोरलेली आहे, दीड हजार वर्षांची.

तिथेच १९५९ साली विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं, मुख्यतः बहिणींसाठी. धर्मशास्त्रं आजवर पुरुषांनी रचली, संन्यास आणि ब्रह्मचर्य त्यांनी स्वतःकडे ठेवलं, बाईला ते नाकारलं. हे बदलायचं तर बायांनीच साधना करावी, बायांनीच शास्त्र लिहावं, असं त्यांचं म्हणणं होतं. वेगवेगळ्या प्रांतांतून मुली आल्या. काही बंधूही राहिले, पण कारभार बहिणींचा. तिथे नोकर नाही. झाडणं, संडास साफ करणं, दळणं, रांधणं, शेतातलं काम, सगळं स्वतः. निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घ्यायचे. 'मैत्री' नावाचं हिंदी मासिक त्या बहिणींनी चालवलं आणि आपल्याच छापखान्यात छापलं. १९७६ साली, आणीबाणीत, गोवधबंदीसाठी विनोबा उपोषण करणार ही बातमी 'मैत्री'ने छापली, तेव्हा पोलिसांनी आश्रमात येऊन अंक जप्त केले. याच विचारातून १९६७ मध्ये इंदूरच्या कस्तुरबाग्रामहून चौघी जणी बारा वर्षांच्या पायी लोकयात्रेला निघाल्या. त्यांत आसामच्या हेमा भराली आणि लक्ष्मी फुकन होत्या. बारा वर्षं, बायांनी, पायी, गावोगाव!

मला हे सगळं चित्रांत दिसतं. खिळे जुळवणाऱ्या बोटांना लागलेली शाई. पहाटेच्या अंधारात उपनिषद म्हणत बसलेल्या बाया, आणि त्याच बाया दिवसा डोक्यावर टोपली घेऊन शेतात. अंक उचलून नेणारे पोलीस, आणि दारात उभ्या चार बहिणी. बिहारच्या किंवा पंजाबच्या कुठल्याशा गावात, चौघी अनोळखी बायांना रात्री ओटीवर जागा करून देणारी एखादी घरधनीण. इथे काकूंच्या प्रश्नाला निदान एक उत्तर आहे. डोंगरावरच्या त्या संन्याशाची चूल दुसरी कुणीतरी सांभाळते. पवनारच्या संन्यासिनी आपली चूल आपणच पेटवतात. वैराग्य आणि झाडू एकाच हातात असलेली माणसं त्या 'साधू'च्या चित्रांत मला कुठे भेटली नाहीत.

तरी पवनारचं चित्र काढताना आपण तेही वलय लावून काढू नये. आपल्या मनातले आक्षेप मी लपवत नाही. बाईला मोकळं व्हायचं तर तिने शरीराची इच्छा, प्रेम, मूल सगळं सोडावं, ही अट आपल्या चळवळीला कधी मान्य झाली नाही, आणि होऊ नये. लग्न न करता, किंवा लग्नातून बाहेर पडून, बाईला इच्छेसकट माणूस म्हणून जगता आलं पाहिजे. ब्रह्मचर्य हा तिच्या सन्मानाचा दाखला असू नये. विनोबांचं आणीबाणीतलं 'अनुशासन पर्व' आपल्यापैकी अनेकींना आजही खुपतं. आणि आश्रमातली शांतता ज्या गावांच्या मध्ये आहे, त्या गावांत कापूस वेचणाऱ्या बाईला दुपारी टेकायला मिळत नाही, हेही खरं आहे. चांगल्या चित्रकथेत हे सगळं यायला हवं. पण ज्या काळात एकट्या मुलीला कुणी घर भाड्याने देत नव्हतं, त्या काळात नवऱ्यावाचून, मुलावाचून, मठाधिपतीवाचून बायांनी एकत्र राहून दाखवलं, कमावून दाखवलं, म्हातारपण एकमेकींच्या आधाराने काढून दाखवलं, ही गोष्ट लहान नाही. आज एकट्या राहणाऱ्या कितीतरी जणी आपल्या गटांत आहेत. म्हातारपणी आपलं कोण, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. त्यांनी ती पानं पाहायला हवीत.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, देव-धर्म-साधू हा विषयच आपला नाही. विज्ञानाच्या, कायद्याच्या गोष्टी काढा. मला त्यांचं म्हणणं समजतं. १९९२ नंतर ज्या तऱ्हेने धर्म रस्त्यावर आला ते आपण पाहिलं आहे आणि भगव्या रंगाच्या चित्रांची आपल्याला धास्ती वाटावी, हे स्वाभाविक आहे. पण आपण विषय सोडला म्हणून तो संपत नाही, दुसऱ्याच्या हाती जातो. गटातली बाई वारीला जाते, शेगावला जाते, पोथी ऐकते. तिथे तिला जनाबाईची, सोयराबाईची आठवण देणारी आपण नसलो तर तिला फक्त पाय चेपणारी ऋषिपत्नी भेटेल.

२०१४ मध्ये, दिल्लीच्या बलात्काराच्या घटनेनंतर, 'प्रियाज शक्ती' नावाची चित्रकथा आली. त्यात बलात्कार झालेल्या, घरच्यांनी हाकललेल्या प्रियाला पार्वती बळ देते आणि ती वाघावर बसून गावात परतते. जगभर तिचं कौतुक झालं. हेतू चांगलाच होता. पण मला राहून राहून वाटतं, वाघ नसलेल्या मुलीने काय करायचं? गावात परतायला तिला लागतं ते गटाचं बळ, पोलीस ठाण्यापर्यंत बरोबर येणारी माणसं, निकाल लागेपर्यंतची मजुरी. देवी काढायला सोपी असते. चार बायांची बैठक काढायला अवघड, पण तीच काढायला हवी.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

एक. गावच्या वाचनालयात, शाळेत, अंगणवाडीत, आपल्या पिशवीत जी चित्रकथा येईल तिला तीन प्रश्न विचारून बघा. मुलींबरोबर बसून, मोठ्याने. या गोष्टीत अन्न कोण शिजवतं? घर सोडून जाणाऱ्याच्या मागे कोण राहतं आणि तिचं पुढे काय होतं? बाईच्या तोंडी किती वाक्यं आहेत? शिकवणी नको, नुसते प्रश्न पुरेत. पुस्तकावर बंदी घालायची गरज पडत नाही. प्रश्न विचारलेली मुलगी ते पुस्तक पुन्हा पहिल्यासारखं वाचत नाही.

दोन. राहून गेलेलं पान आपण काढू. चित्रकलेची वही आणि खडू यांना फार पैसे लागत नाहीत. आवलीच्या घरची दुष्काळातली सकाळ, बहिणाबाईचा नवरा निघायची भाषा करतो ती रात्र, वाटणी झाल्यावरची कात्यायनी. आमच्या गटात दोनदा असं बसलो. चित्रं ओबडधोबड आली, माणसांचे हात पायांपेक्षा लांब झाले. पण प्रत्येक चित्रात चूल होती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तीन. पवनारच्या बहिणींची गोष्ट चित्रांत यावी म्हणून कुणीतरी पुढे व्हावं. ज्या पहिल्यापासून तिथे होत्या त्यांच्यातल्या कितीतरी जणी आता नाहीत, उरलेल्या थकल्या आहेत. आठवणी बोलायला माणसं आहेत तोवर त्यांच्यापाशी बसायला हवं, आक्षेपांसकट आणि आदराने. नागपूर-अमरावतीच्या कला-महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुली आहेत, लिहिणाऱ्या आपण आहोत. पुस्तक मराठीत हवं, स्वस्त हवं, आणि अक्षर न येणाऱ्या बाईला पान उलटून कळेल असं हवं.

ज्या मैत्रिणीबद्दल वर लिहिलं तिने आता पोटगीचा अर्ज केला आहे. तारीख लागली की आम्ही चौघी-पाच जणी तिच्याबरोबर कोर्टात जातो. गावात अजून कुजबुज आहे. परवाच्या बैठकीत काकूंनी तिच्या काढलेल्या चित्राकडे बघत विचारलं, "हा भगवा मानूस एवढा ल्हान काहून काढला वं?" ती म्हणाली, "दूर गेला नं काकू, म्हनून." चित्रात जवळ होती ती, तिचा मुलगा आणि वखर. ते चित्र मी संपादिकांकडे पाठवलं आहे. तुमच्या गटांतली पाठवा.